दोन्ही आकडे त्याच भागाचे, त्याच क्षणाचे

या महिन्यातली पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. भागाकार, वर्ग, दशांशचिन्ह यांत फारसं कुणी चुकलेलं नाही. चूक होते ती आकडे उचलताना. व्होल्टेज एका जागेचं घेतलं, करंट दुसऱ्या जागेचा. किंवा एक आकडा जोडणी करण्याआधीचा, दुसरा नंतरचा. मग सूत्र बिचारं उत्तर देतं, पण ते कशाचंच उत्तर नसतं. वडिलांच्या वाइंडिंगच्या टेबलावर मी हे काम शिकले आणि पुढे तेवीस वर्षं प्रयोगशाळेत मुलांना शिकवलं. दोन्हीकडे हीच चूक सगळ्यांत जास्त पाहिली. म्हणून या वेळी याच धाग्यातली पत्रं निवडली आहेत.

ताई, मी दहावीत आहे. व्होल्टेज, करंट, रोध आणि शक्ती यांच्या बारा सूत्रांचा एक गोल तक्ता मला मिळाला आहे. तो पाठ करू का? आणि १२ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर दिले असतील तर रोध ०.०२४ ओहम येतो, तो बरोबर आहे का?

तक्ता पाठ करू नकोस. दोनच सूत्रं नीट समजून घे. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, आणि शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. बाकीची सगळी यांच्यातूनच निघतात, आणि स्वतः काढलेलं सूत्र परीक्षेत विसरत नाही.

गुणायचं की भागायचं असा गोंधळ होत असेल तर एककांकडे बघ. व्होल्ट म्हणजे दर कूलोम विद्युतभारामागे किती जूल ऊर्जा. अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती कूलोम. दोन्ही गुणलेस की कूलोम कटतो आणि दर सेकंदाला किती जूल एवढंच उरतं. त्यालाच आपण वॉट म्हणतो.

आता तुझं गणित. ५०० मिलिअँपिअर म्हणजे ०.५ अँपिअर. १२ भागिले ०.५, म्हणजे २४ ओहम. शक्ती १२ गुणिले ०.५, म्हणजे ६ वॉट. तू मिलिअँपिअर तसेच ठेवून भागलंस, म्हणून उत्तर हजार पटीने लहान आलं. उत्तर आल्यावर ते दुसऱ्या वाटेने एकदा तपासत जा. करंटचा वर्ग ०.२५, त्याला २४ ने गुणलं की ६. व्होल्टेजचा वर्ग १४४, त्याला २४ ने भागलं तरी ६. तिन्ही वाटा एकाच घरी पोहोचल्या की पान उलटायचं.

शक्ती म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध; म्हणजे रोध वाढला की शक्ती वाढणार. पण शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध असंही आहे. म्हणजे रोध वाढला की शक्ती कमी होणार. दोन्ही एकाच वेळी कशी खरी? मी शिक्षक आहे. वर्गात एका मुलीने हे विचारलं, आणि मी दिलेल्या उत्तराने माझंच समाधान झालं नाही.

त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला सूत्राच्या आत काय चाललंय ते दिसू लागलेलं असतं.

दोन्ही सूत्रं खरी आहेत, पण ‘रोध वाढला की’ हे वाक्य अर्धवट आहे. रोध वाढवताना दुसरं काय जागच्या जागी धरून ठेवलंय, ते सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. व्होल्टेज बांधलेलं असेल, तर रोध वाढताच करंट घटतो आणि शक्ती घटते. करंट बांधलेला असेल, तर रोध वाढताच त्या भागावरचं व्होल्टेज वाढतं आणि शक्ती वाढते. म्हणून गणित सुरू करण्याआधी विचारायचं: इथे बांधलेलं काय आहे?

व्होल्टेज बांधलेलं असल्याचं माझ्या हातातलं उदाहरण सांगते. उघड्या नायक्रोम कॉईलच्या शेगड्या दुरुस्तीला यायच्या. कॉईल एका टोकाजवळ तुटली की लोक तुटका तुकडा काढून टाकत आणि उरलेली कॉईल ताणून पुन्हा अडकवत. शेगडी पहिल्यापेक्षा जोरात तापे, सगळे खूश होत, आणि थोड्याच दिवसांत तीच शेगडी पुन्हा आमच्या टेबलावर येई. वडिलांनी मला कागदावर हिशेब मांडायला लावला. कॉईल १००० वॉटची, पुरवठा २३० व्होल्टचा. करंट ४.३५ अँपिअर, रोध जवळजवळ ५३ ओहम. पाचवा भाग काढून टाकला तर रोध ४२.३ ओहम उरतो. व्होल्टेज तेच, म्हणून शक्ती १२५० वॉट होते. पण तार आता चारपंचमांशच आहे, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त उष्णता पूर्वीपेक्षा कमी तारेतून बाहेर पडायची आहे. दर सेंटिमीटरचा भार १.५६ पट झाला. तार जळणारच. रोध कमी करून शक्ती वाढली, हे तिथे डोळ्यांसमोर घडतं.

आता करंट बांधलेला असल्याचं उदाहरण. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. त्याचा रोध साधारण २६.५ ओहम. समजा, प्लगची पिन सैल आहे, तिच्यावर काजळी धरली आहे आणि तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. २६.५ पुढे अर्धा म्हणजे काहीच नाही, करंटमध्ये जेमतेम फरक पडतो. तो साडेआठ अँपिअर राहतो. म्हणजे पिनेच्या दृष्टीने करंट हीटरनेच ठरवून दिलेला आहे. साडेआठचा वर्ग ७२, त्याचा अर्धा ३६. पिनेच्या त्या एवढ्याशा टोकावर ३६ वॉट! टेबलावरचा छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो आणि शिसं-कथील सहज वितळवतो. प्लग काळे का पडतात, बोर्ड का वितळतात, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे. पिनेचा रोध वाढत गेला की तिथली उष्णताही वाढत जाते, उष्णतेने पिन आणखी सैल होते, काजळी आणखी धरते. मुलांना हे सूत्र शिकवताना कृपा करून हा प्लग दाखवा. प्रयोगशाळेत माझ्याकडे जळक्या प्लगांची एक बरणी होती. फळ्यापेक्षा तीच जास्त उपयोगी पडली.

उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी पाण्यात तारेचं वेटोळं बुडवून, पाण्याचं तापमान किती चढतं ते मोजून दाखवलं. १८४१ मध्ये ते छापून आलं, तेव्हा त्यांचं वय अवघं बावीस-तेवीस होतं. वर्गात हा प्रयोग लहान बॅटरीवर करता येतो. करंट दुप्पट केला की पाणी चौपट वेगाने तापताना मुलांना स्वतः पाहू द्या.

१०० वॉट, २३० व्होल्ट असा छापलेला तारेचा जुना बल्ब घरी सापडला. गणिताने त्याचा रोध ५२९ ओहम येतो. मल्टिमीटर ३८ ओहम दाखवतो. मीटर बिघडला आहे का? सूत्र असं फसवत असेल तर त्याचा भरवसा कसा धरायचा?

मीटर चांगला आहे, तुमचं गणितही चांगलं आहे. तुम्ही दोन वेगवेगळे बल्ब मोजलेत, एवढंच. एक तापलेला, एक थंड.

छापलेले वॉट पेटलेल्या बल्बचे असतात. तेव्हा करंट १०० भागिले २३०, म्हणजे ०.४३५ अँपिअर, आणि रोध ५२९ ओहम. त्या क्षणी आतली टंगस्टनची तार २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. धातू तापला की त्याचे अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनांची वाट जास्त अडते आणि रोध चढतो. टंगस्टनच्या बाबतीत खोलीच्या तापमानापासून तिथपर्यंत तो बारा-पंधरा पटींनी चढतो. मल्टिमीटर रोध मोजताना अगदी थोडा करंट सोडतो. तेवढ्याने तार तापत नाही, म्हणून तुम्हाला थंड तारेचे ३८ ओहम दिसले.

हे ३८ ओहमही खरेच आहेत. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार थंडच असते, आणि २३० भागिले ३८ म्हणजे सुमारे ६ अँपिअर तिच्यातून धावतात. नेहमीच्या करंटच्या जवळजवळ चौदा पट. सेकंदाच्या छोट्याशा भागात तार तापते आणि करंट खाली येतो. पण तार एखाद्या ठिकाणी झिजून बारीक झाली असेल, तर ती याच धक्क्यात तुटते. तारेचे बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच जातात, ते यामुळे.

भरवशाबद्दल तुम्ही विचारलंत, ते मला महत्त्वाचं वाटतं. ओहमचा नियम तापमान तेच राहील अशा अटीवरच सांगितलेला आहे, आणि ती अट खुद्द ओहम यांना किती कष्टाने सांभाळावी लागली ते ऐकण्यासारखं आहे. गेऑर्ग ओहम शाळेत शिकवत होते. सुरुवातीचे प्रयोग त्यांनी त्या काळच्या रासायनिक बॅटरीवर केले. पण तार जोडली की बॅटरीचा जोर उतरायचा, आकडे हलायचे आणि नियम हाती लागेना. तेव्हा पोगेनडोर्फ या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की बॅटरी सोडा आणि दोन धातूंचा सांधा वापरा. एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं की अशा सांध्यातून थोडं पण स्थिर व्होल्टेज मिळतं. हा शोध झेबेक या शास्त्रज्ञांनी १८२१ मध्ये लावलेला होता. ओहम यांनी बिस्मथ आणि तांब्याचा सांधा केला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही टोकांची तापमानं हलत नाहीत, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. मग एकाच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या, टांगलेली चुंबकसुई किती वळते ते मोजलं, आणि नियम समोर आला. १८२७ मध्ये त्यांनी तो पुस्तकरूपाने मांडला. मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. आपण दोन सेकंदांत जो भागाकार करतो, त्याच्या पायाशी उकळतं पाणी आणि बर्फ ठेवून स्थिर केलेला एक आकडा आहे. त्याची आठवण ठेवून वापरलं तर सूत्र फसवत नाही.

१.५ व्होल्टचा एक सेल मीटरने मोजला, बरोबर १.५ भरला. मग त्याला १ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर आणि मालेत, म्हणजे त्याच वाटेवर एकामागोमाग, अँपिअरमीटर जोडला. करंट १.५ अँपिअर यायला हवा, पण १ अँपिअरच आला. म्हणजे रेझिस्टर १.५ ओहमचा निघाला का?

रेझिस्टर १ ओहमचाच आहे. तुमचे १.५ व्होल्ट जोडणीच्या आधीचे आहेत आणि १ अँपिअर नंतरचा. आता सगळं जोडलेलं असताना दुसरा मीटर थेट रेझिस्टरच्या दोन पायांवर टेकवा. तिथे १ व्होल्टच्या आसपास दिसेल. १ भागिले १, म्हणजे १ ओहम.

उरलेला अर्धा व्होल्ट वाटेत खर्च होतो. सेलच्या आतही रोध असतो. तो ०.३ ओहम धरला, आणि अँपिअरमीटर व त्याच्या वायरींचा मिळून ०.२ ओहम धरला, तर एकूण दीड ओहम होतात आणि करंट १ अँपिअर येतो. तुमच्या आकड्यांशी हे जुळतं. शक्तीचाही हिशेब बदलतो. १.५ वॉटपैकी रेझिस्टरला १ वॉटच मिळतो, ०.३ वॉट सेलला आतून तापवतात आणि ०.२ वॉट मीटर व वायरींत जातात. तुम्ही पाच वॉटचा रेझिस्टर घेतलात हे उत्तम केलंत. पाव वॉटचा घेतला असता तर जळका वास आला असता.

रोध खूप मोठा असला की अडचण उलटी होते. १० लाख ओहमच्या रेझिस्टरवर १० व्होल्ट लावले तर त्यातून १० मायक्रोअँपिअर जातात. डिजिटल व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यामुळे तोही १ मायक्रोअँपिअर खेचतो. अँपिअरमीटर दोघांच्याही आधी बसवला असेल तर तो ११ दाखवणार, आणि तुमचा रेझिस्टर ९ टक्क्यांनी कमी भरणार. म्हणून लहान रोध मोजताना व्होल्टमीटर थेट त्या भागावर टेकवायचा; मोठा रोध मोजताना अँपिअरमीटर त्या भागाला चिकटून ठेवायचा आणि व्होल्टमीटर दोघांना मिळून लावायचा.

एक कळकळीची विनंती. अँपिअरच्या खाचेत वायर असलेला मीटर कधीही थेट पुरवठ्याच्या दोन टोकांवर लावू नका. त्याचा स्वतःचा रोध नगण्य असतो, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात शॉर्टच करता. एका विद्यार्थ्याच्या हातात मीटर फुटलेला मी पाहिला आहे. बोटं वाचली, पण त्या दिवसापासून माझ्या प्रयोगशाळेत मोजून झालं की वायर व्होल्टच्या खाचेत परत, हा नियम लागला. सराव सेलवर करा, घरच्या पुरवठ्यावर नको.

अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पंपाच्या मोटरची वाइंडिंग मल्टिमीटरवर ४ ओहम दाखवते. २३० भागिले ४ म्हणजे साडेसत्तावन्न अँपिअर! वायरभोवती धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मात्र ४ अँपिअर दाखवतो. आणि २३० गुणिले ४ म्हणजे ९२० वॉट, तर अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॉट. यातलं काहीच जुळत नाही.

तुमच्या पत्रातला एकही आकडा चुकीचा नाही. फक्त ४ ओहम आणि २३० व्होल्ट यांची जोडी लावायची नाही.

मल्टिमीटर बॅटरीवर चालतो. त्याने नुसत्या तांब्याचा रोध मोजला. चालू मोटर प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, पुरवठ्यावर असते. तिच्या गुंडाळीतलं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि त्या बदलातून पुरवठ्याला अडवणारं उलटं व्होल्टेज गुंडाळीतच तयार होतं. २३० पैकी बराच मोठा वाटा त्याला तोंड देण्यात जातो. तांब्याच्या ४ ओहमच्या वाट्याला येतात ४ गुणिले ४, म्हणजे अवघे १६ व्होल्ट. म्हणून २३० चा वर्ग भागिले ४ हे गणित इथे निरर्थक ठरतं. पण करंटचा वर्ग गुणिले रोध मात्र चालतं, कारण ४ अँपिअर त्या तांब्यातून खरोखरच जातात. १६ गुणिले ४, म्हणजे ६४ वॉट. वाइंडिंग एवढ्या शक्तीने तापते. पंप जाम झाला की करंट कितीतरी पट चढतो. समजा, पाचपट चढला, तर २० चा वर्ग गुणिले ४, म्हणजे १६०० वॉट त्याच वाइंडिंगमध्ये. वार्निश जळल्याचा तो वास माझ्या लहानपणीच्या टेबलाचा वास आहे.

आता ९२० बद्दल. मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत, करंट मागे राहतो. म्हणून नुसत्या गुणाकाराने व्होल्ट-अँपिअर मिळतात. वॉट हवे असतील तर त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे करंट किती मागे राहतो त्यावरून ठरणाऱ्या, एकाहून लहान आकड्याने गुणावं लागतं. तो ०.७५ असेल तर ६९० वॉट. इथेसुद्धा ‘त्याच क्षणाचे आकडे’ हीच गोष्ट आहे: दोन शिखरं वेगवेगळ्या क्षणांची असताना ती गुणून चालत नाही. आणि पट्टीवरचा अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे शाफ्टवर बाहेर मिळणारी शक्ती. ६९० आत गेले, ३७३ बाहेर आले. मधले वाइंडिंगच्या तांब्यात, रोटरमध्ये, लोखंडी गाभ्यात आणि बेअरिंगच्या घर्षणात गेले. लहान मोटरचं असंच असतं.

तुम्ही क्लॅम्प एकाच वायरभोवती धरलात हे आकड्यावरून कळतंच. दोन्ही वायरी मिळून धरल्या असत्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून मीटरने शून्य दाखवलं असतं.

१२ व्होल्टवर पांढरा एलईडी लावायचा आहे. एलईडीचा रोध किती धरू?

धरूच नका. एलईडीचा रोध ठरलेला नसतो. व्होल्टेज थोडं वाढवलं की करंट झपाट्याने चढतो. गणित त्याच्यासोबतच्या रेझिस्टरचं करायचं. एलईडीवर साधारण ३ व्होल्ट राहतात, म्हणजे रेझिस्टरवर ९. करंट २० मिलिअँपिअर हवा, तर ९ भागिले ०.०२ म्हणजे ४५० ओहम. बाजारात मिळणारा जवळचा आकडा ४७० आहे, तो घ्या. शक्ती ९ चा वर्ग भागिले ४७०, म्हणजे ०.१७ वॉट. पाव वॉटचा चालेल, पण दिवसभर पेटता ठेवणार असाल तर अर्ध्या वॉटचा लावा. जोडून झाल्यावर रेझिस्टरच्या दोन पायांवर व्होल्टमीटर टेकवा. तिथला आकडा ४७० ने भागलात की एलईडीचा करंटही कळतो, कारण दोघांतून तोच करंट जातो.